हरकत असल्यास सात दिवसांत

वकील व्हायचं मी आठवीत ठरवलं, आणि दहावीचा निकाल लागेपर्यंत मी निम्मी वकील झालेसुद्धा होते. उरलेलं निम्मं कॉलेजने करायचं, एवढंच बाकी! बाकीची मुलं बारावीनंतर जागी होतात आणि सीईटीला महिना राहिला की क्लास शोधत फिरतात. मी तशातली नाही. बोईसरच्या रद्दीवाल्याकडून मी कायद्याच्या प्रवेश परीक्षेचं जाडजूड गाइड आणलं. त्याची पहिली चाळीस पानं गायब होती, पण कुठल्याही पुस्तकाची पहिली चाळीस पानं प्रस्तावनेतच जातात. भिंतीवर वेळापत्रक लावलं. सकाळी सहा ते आठ राज्यघटना, दुपारी तर्कशास्त्र आणि संध्याकाळी सहाला युक्तिवादाचा सराव.

सराव आईबरोबर असायचा. ती तांदळाच्या भाकऱ्या थापत असायची आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तिची उलटतपासणी घ्यायचे.

"काल संध्याकाळी कालवणात मीठ तुम्हीच घातलं होतं, हे खरं आहे का?"

"वैभवे, डब्यातलं पीठ काढून दे जरा."

"प्रश्नाचं उत्तर हो किंवा नाही असं द्यायचं."

त्यावर आई नुसतं उलथनं वर करायची आणि मी पुढची तारीख घ्यायचे.

खरी अडचण बाबांची होती. बाबा तारापूर एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर आहेत. वीस वर्षं झाली. त्यांच्या साहेबांनी कधीतरी चहा पिता पिता म्हटलं होतं, "प्रदीप, पोरीचा डिप्लोमा झाला की घेऊन ये." साहेब चहा पिऊन विसरले असतील. बाबा नाही विसरले. त्यांच्या डोक्यात माझा केमिकलचा डिप्लोमा सुरू झाला होता, मी पहिल्या वर्षी पासही झाले होते.

मला अकरावी आर्ट्सला जायचं होतं. फॉर्म ऑनलाइन, आणि त्याचा ओटीपी येणार बाबांच्या मोबाइलवर. तो मोबाइल बाबांच्या शर्टाच्या खिशात, आणि खिशाला बटण. मूलभूत हक्क मला सगळे पाठ होते, पण ते बटण काही उघडत नव्हतं.

तीन दिवस मी युक्तिवाद केला. चौथ्या दिवशी, म्हणजे सोमवारी, बाबांनी जेवताना हात थांबवला.

"वकिलाकडे लोक आपल्या पायाने जातात. डॉक्टरकडे जातात तसे. बरोबर?"

"बरोबर."

"मग गावातला एक माणूस तुज्याकडे सल्ला विचारायला येऊ दे. आपणहून. त्या दिवशी ओटीपी देतो. फॉर्मची शेवटची तारीख कदी हाय?"

"शनिवार."

"मग शनिवारपर्यंत. नाय आला कोण, तर डिप्लोमाचा फॉर्म भरायचा, आणि तोंड वाकडं करायचं नाय. आणि ऐक, लोकांच्या घरात शिरून, मला काय विचारा, मला काय विचारा, असं करायचं नाय."

मी मान्य केलं. एक माणूस! आमच्या पामसारख्या गावात, जिथे कोंबडी शेजारच्या अंगणात गेली तरी दोन पिढ्या बोलत नाहीत, तिथे एक अशील मिळणं काय कठीण!

मंगळवारी मी ओटीवर खुर्ची टाकून, मांडीवर गाइड घेऊन बसले. दिवसभरात एका आजोबांनी विचारलं, "पोरी, बोईसरचा टमटम गेला का?" मी त्यांना म्हटलं, "आजोबा, अजून काही कायदेशीर विचारायचंय?" ते घाईने निघून गेले. बुधवारी फक्त एक बकरी आली आणि उत्तरसूचीचं पान खाऊन गेली.

बुधवारी दुपारी मी ठरवलं, की अशील येत नसेल तर त्याला यावंसं वाटेल अशी परिस्थिती तयार करायची. आमच्या आळीत एक खटला अकरा वर्षं तयारच होता. रत्नाआजी आणि दामूकाका यांच्या अंगणांच्या मधोमध शेवग्याचं एक झाड आहे. आजी म्हणतात झाड माझं, काका म्हणतात माझं. शेंगा लागल्या की आजी पहाटे काठी घेऊन येतात आणि काका त्याच्याही आधी आलेले असतात. एकदा दोघांनी एकच शेंग दोन टोकांनी धरली होती आणि शेवटी ती मोडून निम्मी निम्मी नेली.

माझी योजना सरळ होती. जागेची मोजणी करायची आणि झाडाला एक नोटीस लावायची. नोटीस वाचून दोघं गडबडतील आणि सल्ला विचारायला गावातल्या एकमेव कायदेपंडिताकडे येतील. मी कोणाच्या घरात शिरणार नव्हते. अटीचा भंग कुठेच नव्हता. लगेच बोईसरला जाऊन मी नोटीस टाइप करून आणली. गाइडमध्ये नमुना होता, त्यात मी थोडी भर घातली.

"सर्व संबंधितांस कळविण्यात येते की सदर जागेची मोजणी आज रोजी करण्यात आली आहे. सदर रेषेत येणारी झाडे, कुंपणे व बांधकामे यांबाबत कोणाची हरकत असल्यास सात दिवसांत लेखी कळवावी. मुदतीनंतर आलेल्या हरकतींचा विचार केला जाणार नाही."

खाली नाव घातलं नाही. घातलं असतं तर लोक माझ्याकडे न येता आईकडे गेले असते.

गुरुवारी सकाळी रत्नाआजी भाजी घेऊन बोईसरच्या बाजाराला आणि दामूकाका कामाला गेले. मी माझ्या मैत्रिणीला, सपनाला, बोलावलं. सपनाचे वडील गवंडी. ती त्यांचा टेप, दोरी आणि गेरू घेऊन आली. कबड्डीच्या मैदानाची उरलेली चुन्याची फक्की मी आणली. मला हवी होती चार पावलांची रेघ. पण गवंड्याच्या मुलीला अर्धवट काम आवडत नाही.

"अशी कुठूनपण रेघ नाय मारायची," सपना म्हणाली. "पक्का पॉइंट लागतो. रस्त्यावरच्या मोरीपासून धरू या."

"आणि कुठपर्यंत?"

"समोरचा पक्का पॉइंट देवळाचा ओटा."

तर मोरीपासून शेवग्यापर्यंत आणि शेवग्यापासून देवळाच्या ओट्यापर्यंत पांढरी शुभ्र रेघ गेली. सरळ दिसावी म्हणून काठ्यांना लाल झेंड्या लावल्या. आईचा एक जुना लाल परकर होता, त्याच्या चिंध्या. वाटेतल्या दगडांवर सपनाने गेरूने आकडे टाकले, एक ते एकोणीस. आळीत कोणी दिसलं नाही. मी झाडाला नोटीस चिकटवली आणि आम्ही दोघी आर्ट्सच्या कॉलेजांची यादी बघायला बोईसरला गेलो.

आता तुम्ही म्हणाल, या मुलीला अक्कल कशी नाही! बरोबर आहे तुमचं. आमच्या तालुक्यात गेली काही वर्षं कुठे रेल्वेची मोजणी, कुठे हायवेची, कुठे बंदराची, कुठे पाइपलाइनची. चुन्याची रेघ आणि लाल झेंडी हे काय असतं, ते इथलं पाळण्यातलं पोरही ओळखतं. दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात मी हे केलं असतं तर लोकांना वाटलं असतं, आज कबड्डीचे सामने आहेत. पण माझं सगळं लक्ष कलमांत. जगात फक्त दामूकाका आणि रत्नाआजी राहतात असं मी धरून चालले होते.

दुपारी साडेतीनला आम्ही टमटममधून उतरलो तर मोरीपाशी अख्खं गाव.

"काय झालं?" मी एकीला विचारलं.

"मोजणी आली गो. सकाळी येऊन गेली गाडी. पांढरी होती, माज्या जावेने बघितली. चार सायेब होते."

सपनाने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मी घरी जाते. टेप ठेवायचाय." ती जी गेली ती रविवारपर्यंत दिसली नाही.

गर्दीत दोन पक्ष पडले होते. एक पक्ष म्हणत होता, "एक इंच देणार नाय." बायका रेघेवर बसल्या होत्या आणि भाकरी तिथेच खाणार होत्या. दुसरा पक्ष गप्प होता, पण रेघेच्या कडेने भराभर खड्डे खणत होता. रेघेत झाड आलं की झाडाचा मोबदला वेगळा मिळतो, हे बन्सीभाऊंनी सांगितलं होतं. बन्सीभाऊ म्हणजे जमिनींचे एजंट, नोटिशीचा वास त्यांना चार गावांवरून येतो. त्यांनी येताना टेम्पोत आंब्याची रोपं भरूनच आणली होती. दोन तासांत आमच्या आळीत आमराई उभी राहिली. एकाने तर रेघेवर कोंबड्यांचं खुराडं आणून ठेवलं होतं आणि त्याला "पक्कं बांधकाम" म्हणत होता.

"ही रेघ अशीच सरळ गेली तर कुठं जाते सांगा," एक जण काठीने दाखवत होता. "देऊळ गेलं. पाटलांचं दोन मजल्यांचं घर गेलं. पुढं स्मशान."

"मंग आमी मरायचं कुठं?" एका म्हातारीने विचारलं. तिचं खरंच तोंड उतरलं होतं.

सगळ्यात मोठा चमत्कार शेवग्याखाली चालला होता. दामूकाका अर्धी पाळी टाकून आले होते आणि रत्नाआजी रिकामी पाटी डोक्यावरून न उतरवता उभ्या होत्या.

"रत्नाकाकी, झाड तुजंच हाय गो," दामूकाका सांगत होते. "अकरा वर्सं मी उगाच भांडलो."

"नाय रे बाबा, तुजंच. तुज्या बापाने लावलं, मी डोळ्यांनी बघितलं."

"माज्या बापाला शेवगा चालतच नव्हता! झाड तुजं, झाडाखालची जमीन तुजी. रेघ तुज्यातून जाते."

शेवटी दामूकाकांनी पोलीस पाटील भगवंतदादांना साक्षीला उभं केलं आणि वहीच्या पानावर लिहून टाकलं, की शेवग्याचं झाड व खालची जागा रत्नाबाईंची, माझा काही संबंध नाही. खाली सही. कागद त्यांनी आजींच्या पाटीत टाकला आणि हात झटकले. आजी "नको मला, नको मला" म्हणत राहिल्या.

मी हळूच मागच्या मागे सरकत होते. तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, "ती काय वैभवी! ती कायद्याचं शिकते. तिला विचारा."

आणि सगळं गाव वळलं. माझ्याकडे. आपल्या पायाने.

अशील एक हवा होता, आले शंभर! आणि समोर आमच्या ओटीवर, पहिली पाळी करून आलेले बाबा उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर मी आयुष्यात न पाहिलेलं काहीतरी होतं. माझ्या दहावीच्या टक्क्यांनाही त्यांनी असं तोंड केलं नव्हतं. हात खिशाच्या बटणावर गेला होता.

त्याच क्षणी खरं सांगायला हवं होतं. मला कळत होतं. पण भगवंतदादांनी मला खुर्ची दिली. स्वतः उभे राहून दिली. म्हणाले, "बस, बेटा. हे वाचून आमाला समजाव." आता तुम्हीच सांगा!

मी वाचलं. समजावलं. कलमं सांगितली. "सदर" म्हणजे काय ते सांगितलं. लोक माना डोलवत होते. मग हरकत अर्ज लिहायचं ठरलं, आणि मी तोही लिहिला. माझ्याच नोटिशीतल्या माझ्याच चुका मी एकेक करून बाहेर काढल्या. सदर नोटीस मोघम आहे, सदर नोटिशीत प्रयोजन नाही, सदर नोटीस काढणाऱ्यास कायद्याचं प्राथमिक ज्ञान दिसत नाही. हे वाक्य मला स्वतःला फार आवडलं. सह्यांना रांग लागली. आई पाणी घेऊन आली, वाकली आणि माझ्या कानात म्हणाली, "त्या झेंड्या माज्या परकराच्या हायत ना गो?"

मी पाणी प्यायले.

तेवढ्यात बाबा गर्दीतून पुढे आले. चष्मा लावून त्यांनी नोटीस हातात घेतली, उलटी केली, उजेडाला धरली. बाबांच्या कंपनीत परमिटशिवाय काम सुरू होत नाही. कोणी दिलं, किती वाजता दिलं, सही कोणाची, हे बघितल्याशिवाय ते कागदाला कागद म्हणत नाहीत.

"याच्यावर नाव नाय," बाबा म्हणाले. "शिक्का नाय. जावक नंबर नाय. आमच्याकडे असल्या कागदावर कोणी बल्ब बदलणार नाय." मग माझ्याकडे वळून त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "वैभवी, हा हरकतीचा अर्ज कोणाकडे द्यायचा?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. घटनेत गप्प राहण्याचा हक्क आहे, तो मला आठवला. पण मघाची म्हातारी अजून डोळे पुसत होती.

"माझ्याकडे," मी म्हटलं.

"म्हंजे?"

"नोटीस मीच लावली. रेघ मी मारली. गाडी आली नव्हती, साहेबही नव्हते. मला एक अशील पाहिजे होता."

पुढची दहा मिनिटं मी वर्णन करत नाही. एवढंच सांगते, की रेघेवर बसलेल्या बायका जितक्या चिडल्या, त्याच्या दुप्पट आंबे लावणारे चिडले. बन्सीभाऊ रोपं परत घेणार नाही म्हणाले. मरायचं कुठं विचारणारी म्हातारी मात्र हसली आणि म्हणाली, "बरं झालं बाय, माजी जागा वाचली." रत्नाआजींनी पाटीतला कागद काढला, नीट चौपट घडी घातली आणि कमरेला खोचला. त्याच दिवशी संध्याकाळी त्यांनी भर आळीत, काठी न लपवता, शेंगा काढल्या.

घरी गेल्यावर मी बाबांसमोर उभी राहिले. "शंभर जण आले होते," मी म्हटलं.

"आपल्याच हाताने आग लावायची आणि मग बादली घेऊन धावायचं, त्याला वकिली नाय बोलत." बाबांनी बटण परत लावलं. "आज कोणी मोजायचं नाय. अट तीच."

मी रडले. उगाच कशाला लपवू? गाइड कपाटावर टाकलं. मग शुक्रवारी सकाळी परत काढलं, दोन तास घटना वाचली आणि त्यानंतर झाडू घेऊन मोरीपासून देवळापर्यंत रेघ पुसत गेले. दगड घासले, एक ते एकोणीस. लोक ओटीवर बसून बघत होते. सल्ला विचारायला कोणी आलं नाही. उलट मी जवळ गेले की लोक आपापले कागद झाकत होते.

शनिवारी फॉर्म संध्याकाळी सहाला बंद होणार होता. दुपारी चारला बाबांनी डिप्लोमाची वेबसाइट उघडून ठेवली. त्यांना सुट्टी होती. मी तोंड वाकडं केलं नव्हतं, शब्द दिला होता.

सव्वाचारला ओटीवर दामूकाका आले.

"बाबा घरात आहेत," मी म्हटलं.

"तुज्या बाबाशी नाय, तुज्याशी काम हाय. विचारायचं हाय."

मी खुर्ची पुढे सरकवली. "काय विचारायचंय?"

"केस टाकायची हाय."

"कोणावर?"

"तुज्यावर."

काकांचं म्हणणं असं, की माझ्या खोट्या नोटिशीमुळे त्यांनी घाबरून झाड लिहून दिलं. आता रत्नाआजी कागद दाखवतात आणि शेंगा नेतात. अकरा वर्षांचं भांडण एका दुपारी गेलं. याची भरपाई कोण देणार?

"पण काका, माझ्यावर केस टाकायला माझ्याकडेच कसे आलात?"

"मंग कुठं जाऊ? परवा तू तुज्याच नोटिशीवर हरकत लिवलीस ना? एक चूक सोडली नाय. स्वतःच्या इरुद्ध एवढं चांगलं लिवणारी दुसरी कोण भेटणार मला?"

मागे बाबा दारात उभे होते. त्यांनी काकांना विचारलं, "दामू, आपणहून आलास ना?"

"नायतर काय? तुज्या पोरीने गाडी पाठवली होती?"

बाबांनी खिशाचं बटण काढलं, मोबाइल माझ्या हातात दिला आणि काकांसाठी चहा सांगायला आत गेले. ते आत जाताना हसत होते, मी बघितलं. पावणेपाचला माझा आर्ट्सचा फॉर्म गेला. पाच वाजता मी अशिलासमोर वही उघडून बसले.

तक्रार मी मन लावून लिहिली. पहिला अशील! त्याच्याशी दगाबाजी करायची नाही, असं ठरवलं. आरोपी वैभवी हिने जाणूनबुजून, हटवादीपणाने आणि स्वार्थापोटी गावाची दिशाभूल केली, हे मी चार मुद्द्यांत मांडलं. आरोपीच्या आईची साक्ष जोडली. आरोपीच्या बाजूने एक-दोन गोष्टी मला सुचल्या होत्या, पण त्या सांगणं माझं काम नव्हतं.

रविवारी भगवंतदादांनी देवळाच्या ओट्यावर सगळ्यांसमोर ती वाचली. अधूनमधून थांबून ते माझ्याकडे बघत होते. शेवटी म्हणाले, याच्यावर बोलायला जागाच ठेवली नाय. घाबरून लिहिलेला कागद रद्द, झाडाचं भांडण होतं तसं पुन्हा चालू. रत्नाआजी आणि दामूकाका दोघांनाही ते ऐकून जरा बरंच वाटलेलं दिसलं. आरोपीने मात्र बारावी होईपर्यंत दर रविवारी ओट्यावर बसायचं आणि ज्याला जो सरकारी कागद समजत नाही, तो फुकट वाचून द्यायचा.

तर अशी माझी पहिली केस. बारावीच्या दोन वर्षं आधी लढले आणि जिंकलेसुद्धा! शिक्षा तेवढी मला झाली.